चार भाकरी म्हणजे किती? माणसांचा आहार मोजण्याची रीत

खटाव तालुक्यातील एका घरात आहाराच्या पाहणीसाठी बसलो असताना साठी ओलांडलेल्या एका आजींना पहिला प्रश्न विचारला, "आजी, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" त्यांनी चुलीकडे बघतच उत्तर दिले, "काय खायचं बाबा, नेहमीचंच. भाकरी न् कोरड्यास." तेवढ्यावर थांबलो असतो, तर प्रश्नावलीत भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचे कालवण, असे दोनच पदार्थ लिहिले गेले असते. मग पुन्हा सुरुवातीपासून विचारले. उठल्यावर काय घेतले, रानात जाण्यापूर्वी काय, रानात काय, परत आल्यावर काय, निजताना काय. तेव्हा दोन वेळचा गोड चहा निघाला, दुधात कुस्करलेली शिळी भाकरी निघाली, खुरपताना तोंडात टाकलेल्या मूठभर शेंगा निघाल्या, नातवाने ताटात टाकलेला आणि वाया जाऊ नये म्हणून आजींनी खाल्लेला भात निघाला, आणि अगदी शेवटी, मारुतीच्या देवळात मिळालेला खोबऱ्याचा तुकडाही निघाला.

आजी काहीच लपवत नव्हत्या. आपण जेवलो ते लक्षात राहते आणि मध्येच खाल्ले ते राहत नाही, हे कोणत्याही माणसाच्या बाबतीत खरे आहे. आहार मोजण्याचे शास्त्र या साध्या अडचणीपासून सुरू होते. एखाद्या जिल्ह्यातील स्त्रियांना पुरेसे लोह मिळते का, अमुक समाजात प्रथिनांची तूट आहे का, दहा वर्षांत खाणे सुधारले का, या सगळ्या प्रश्नांची जी उत्तरे आकडेवारीच्या तक्त्यांत छापली जातात, त्यांच्या तळाशी कोणीतरी कोणाला तरी विचारलेला एक प्रश्न आणि मिळालेले एक उत्तर असते. तो प्रश्न कसा विचारला यावर आकडा अवलंबून असतो.

वर सांगितलेल्या पद्धतीला चोवीस तासांची आठवण म्हणतात. तिच्या सुधारित रूपात एकाच दिवसावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला जातो. आधी माणसाला न अडवता सांगू द्यायचे, मग चहा, फळे, तोंडात टाकलेले दाणे अशा हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टींची आठवण करून द्यायची, मग प्रत्येक पदार्थाची वेळ विचारायची, मग त्यात काय घातले होते आणि किती खाल्ले ते विचारायचे, आणि अखेरीस सगळे वाचून दाखवून काही राहिले का ते पुन्हा पाहायचे. यात उत्तर सुचवायचे नाही हे पथ्य कडक असते. "दूध घेतलं असेल ना?" असे विचारले, की आपल्याकडचा माणूस पाहुण्याचे मन राखण्यासाठी हो म्हणतो.

काय खाल्ले हे समजल्यावर किती खाल्ले याकडे वळावे लागते आणि खरी कसोटी तेथे लागते. आजींनी चार भाकरी सांगितल्या. पण भाकरी हे काही माप नव्हे. समजा, एका घरातील भाकरी ८० ग्रॅम पिठाची आहे आणि शेजारच्या घरातील १२० ग्रॅम पिठाची. दोन्ही घरांतील माणसे "चार भाकरी" हेच उत्तर देतील, पण त्यांच्या पोटात गेलेल्या पिठात १६० ग्रॅमचा फरक असेल. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३४ कॅलरी धरल्या, तर हा फरक जवळपास ५३० कॅलरींचा होतो. एवढ्या फरकाने एक माणूस "पुरेसे खाणारा" आणि दुसरा "अर्धपोटी" ठरू शकतो.

बरे, भाजलेली भाकरी तोलून चालत नाही, कारण तिच्यात पाणी असते आणि ते किती राहिले हे जाडीवर आणि आचेवर ठरते. म्हणून पिठाचा डबा भाकरी करण्यापूर्वी तोलायचा, शेवटची भाकरी तव्यावरून उतरल्यावर पुन्हा तोलायचा आणि जो फरक येईल त्याला भाकरींच्या संख्येने भागायचे, ही सर्वांत विश्वासाची रीत होय. थापताना परातीत उरलेले पीठ गोळा करून डब्यात परत गेले की कोंबड्यांना गेले, हेसुद्धा तेथेच बसून पाहावे लागते.

आमटीचे गणित याहून वेगळे आहे. पातेल्यात कोरडी तूरडाळ २०० ग्रॅम घातली आणि शिजून दोन लिटर आमटी झाली. आजींनी दीडशे मिलीलिटरच्या दोन वाट्या घेतल्या, म्हणजे एकूण आमटीच्या १५ टक्के, म्हणजेच ३० ग्रॅम डाळ. त्यातून सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पण ऐन वेळी दोन पाहुणे आले आणि आमटीत पाणी वाढवून ती तीन लिटर झाली, तर त्याच दोन वाट्यांतून २० ग्रॅमच डाळ पोटात जाते. उत्तर तेच, वाट्या त्याच, प्रथिने मात्र एक तृतीयांशाने कमी. म्हणून पाहणी करणारा माणूस आपल्यासोबत ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच घेऊन जातो, पातेले किती भरले होते ते पाणी ओतून मोजतो, आणि घरातल्या वाटीशी आपली वाटी ताडून पाहतो.

सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकात एक गोष्ट बाहेरून आलेल्या प्रश्नावलीतून हमखास निसटते, ती म्हणजे शेंगदाण्याचा कूट. वांग्याच्या कोरड्यासात कूट, मेथीत कूट, कोशिंबिरीत कूट. शेंगदाण्यात जवळपास ४० टक्के स्निग्धांश आणि २३ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. "तेल किती वापरता?" एवढेच विचारून जो स्निग्धांश निघेल, तो आपल्या भागात खऱ्यापेक्षा कमीच निघेल. कोणत्याही प्रदेशात आहार मोजायला जाण्यापूर्वी त्या प्रदेशातील चार घरांच्या चुलीपाशी बसून येणे मला याच कारणासाठी अत्यावश्यक वाटते.

पदार्थांचे वजन मिळाले, की त्याचे पोषणद्रव्यांत रूपांतर करायला अन्नघटकांचे तक्ते लागतात. भारतात १९३७ साली डॉ. आयक्रॉइड यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून असे तक्ते प्रसिद्ध केले. पुढे हीच संस्था हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांचे तक्ते अनेक दशके देशभर वापरले गेले, आणि २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते आले. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम बाजरीत ८ मिलिग्रॅम लोह दिलेले होते, तर नव्या तक्त्यांत ते ६.४ च्या आसपास आहे. माणदेशातील एखाद्या गावाने थंडीत तेवढीच बाजरी खाल्ली, तरी नुसता तक्ता बदलल्याने त्या बाजरीतून मिळणारे लोह कागदावर एक पंचमांशाने घटते. दोन काळांतील पाहण्यांची तुलना करताना मूळ वजनांवरून दोन्हींचे गणित एकाच तक्त्याने पुन्हा मांडल्याशिवाय "लोकांचा आहार बिघडला" असे म्हणता येत नाही. लोखंडी तव्यातून आणि कढईतून उतरणारे लोह तर तक्त्यात कोठेच नसते, आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने शोषणात होणारी घटही नसते.

आता या विषयातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. याचा संबंध खटाव तालुक्यातीलच बुध या गावाशी आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली बुध येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेतलेले सुखात्मे पुढे रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगात भुकेली माणसे किती, या प्रश्नाला त्या काळी अंदाजाने मोठमोठी उत्तरे दिली जात होती. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असेही म्हटले जात असे. सुखात्म्यांनी १९६१ साली हा प्रश्न संख्याशास्त्राच्या चौकटीत मांडला आणि प्रत्यक्ष कॅलरी कमी पडणारे लोक जगात १० ते १५ टक्के असावेत असा हिशेब दिला. सकस अन्नाची कमतरता धरली, तर हे प्रमाण बरेच मोठे होते, हेही त्यांनी सोबत सांगितले. आजही त्या संघटनेचा भुकेल्यांचा वार्षिक अंदाज ज्या पद्धतीने निघतो, तिचा पाया तोच आहे.

त्यांचा मुद्दा आपल्या गावातील उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गावात प्रत्येक जण आठवड्यातून एकदा मटण खातो, पण कोणी रविवारी, कोणी बुधवारी, कोणी बाजाराच्या दिवशी. आपण शंभर जणांना वेगवेगळ्या दिवशी "काल काय खाल्लं?" असे एकेकदाच विचारले, तर चौदा-पंधरा जण मटण खाल्ल्याचे सांगतील आणि उरलेले पंच्याऐंशी नाही म्हणतील. यावरून गावाची सरासरी बरोबर निघेल. पण पंच्याऐंशी टक्के लोकांना मटण मिळतच नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो साफ चुकीचा ठरेल, कारण या गावात सगळे सारखेच खाणारे आहेत. माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला फरक, हे दोन्ही एका दिवसाच्या पाहणीत मिसळून जातात. त्यामुळे टोकाची माणसे, म्हणजे फार कमी खाणारी आणि फार जास्त खाणारी, खऱ्यापेक्षा अधिक दिसतात.

उपाय असा, की निदान काही माणसांना मध्ये अंतर ठेवून दुसऱ्या दिवसाचेही विचारायचे. दोन दिवसांच्या उत्तरांत किती हेलकावा आहे, यावरून एकाच माणसातला फरक वेगळा काढता येतो आणि मग उरलेला फरक हा माणसामाणसांतला खरा फरक धरता येतो. भाकरीसारख्या रोजच्या पदार्थासाठी थोडे दिवस पुरतात. अ जीवनसत्त्वासारखे जे घटक एखाद्या दिवशीच्या शेवग्याच्या पाल्यातून किंवा आंब्यातून भरघोस येतात आणि मग कितीतरी दिवस येत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र बरेच दिवस लागतात.

याच मुद्द्यावरून पुण्यात मोठा वाद झाला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० कॅलरींची रेषा धरून देशातील दारिद्र्य मोजले. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते, की ही गरजेची सरासरी आहे, आणि निरोगी, पोटभर खाणाऱ्या माणसांपैकीही कितीतरी जण कोणत्याही एका दिवशी सरासरीच्या खालीच असतात. म्हणून सीमारेषा सरासरीच्या बरीच खाली, नेहमीच्या चढउताराला वाव ठेवून आखली पाहिजे. त्यावर डॉ. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांचा आक्षेप होता, की कमी अन्नावर शरीर तग धरते तेव्हा ते काम कमी करून, वाढ खुंटवून तग धरते आणि त्याला आरोग्य म्हणता येणार नाही. माझ्या मते मोजणीबाबतचा सुखात्म्यांचा मुद्दा निर्विवाद आहे. त्यावरून शरीर किती कमी अन्नाशी जुळवून घेऊ शकते, याविषयी त्यांनी पुढे जे म्हटले, तेथे मात्र गोपालन यांची चिंता मला अधिक रास्त वाटते, कारण माणदेशातील दुष्काळी वर्षांत मुलांची उंची किती खुंटते हा प्रश्न एका दिवसाच्या चढउतारात बसत नाही.

दुसरी मोठी रीत माणसाऐवजी घर मोजते. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून घराघरांतील खर्चाची नोंद ठेवते. घरात किती ज्वारी, किती तेल, किती साखर वापरली हे विचारून ते घरातील माणसांत विभागले जाते. येथे किती दिवसांचे विचारले यालाच महत्त्व येते. १९९९-२००० च्या फेरीत अन्नाबद्दल त्याच घराला गेल्या ७ दिवसांचेही विचारले गेले आणि गेल्या ३० दिवसांचेही. एका प्रश्नाच्या उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होऊन खर्च वाढून नोंदला गेला, असा आक्षेप अनेक अर्थतज्ज्ञांनी घेतला. त्या फेरीवरून देशातील दारिद्र्य १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलेले दिसले आणि त्या घटीपैकी खरी किती व प्रश्नामुळे दिसलेली किती, यावर कित्येक वर्षे चर्चा चालली.

घराच्या मोजणीत आणखी एक अडचण आहे. तासगाव किंवा मिरज भागातील द्राक्षबागायतदाराच्या घरी छाटणीच्या दिवसांत आठ-दहा मजुरांचा स्वयंपाक होतो. ते धान्य बागायतदाराच्या घरात खपलेले दिसते आणि मजुराच्या घरात तेवढे कमी खपलेले दिसते. कोणी कोणाकडे किती वेळा जेवले ते वेगळे विचारून दुरुस्ती केली नाही, तर श्रीमंत घर आहे त्याहून जास्त खाणारे आणि गरीब घर आहे त्याहून कमी खाणारे ठरते. शाळेच्या पोषण आहाराचेही असेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला तेथे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे, पण मुलाने शाळेत काय खाल्ले हे आईला दिसत नाही. आणि घरातल्या घरात कोणाच्या ताटात काय पडले हे तर घराच्या सरासरीतून कधीच कळत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर सुनेसाठी पातेल्याच्या तळाशी काय उरले, हे तिलाच विचारावे लागते, तेही सासूबाई बाजूला नसताना.

साताऱ्याचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग एकाच प्रश्नावलीने मोजायला गेल्यास काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तर दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरात भात आणि नाचणी, माण-खटावात ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. वर्षभराच्या खाण्याचा अंदाज घेण्यासाठी पदार्थांची यादी पुढे ठेवून "हे रोज खाता, आठवड्याला, महिन्याला, की कधीच नाही?" असे विचारण्याची पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. हजारो लोकांच्या पाहणीत ती वापरली जाते. पण यादीत नाचणीची आंबील नसेल, तर पाटणचा माणूस कमी खाणारा ठरतो, आणि हुलग्याचे माडगे नसेल, तर माणचा. पद्धत सर्वत्र सारखी ठेवली, की चूकही सर्वत्र सारखी राहील असे आपण गृहीत धरतो, आणि तेथेच फसतो. युरोपातील दहा देशांत पाच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आहार आणि कर्करोगाच्या अभ्यासात हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा प्रत्येक देशाची प्रश्नावली त्याच्या खाण्यानुसार राहू दिली गेली, आणि सर्व देशांतील थोड्या लोकांची चोवीस तासांची आठवण मात्र एकाच काटेकोर साच्यात घेऊन त्यावरून बाकीचे आकडे जुळवले गेले. आपल्या एका जिल्ह्यालाही ही रीत लागू पडते.

सांगितलेले खरे किती, याची पडताळणी शरीराकडूनच करून घेता येते. दिवसभराची लघवी गोळा करून तिच्यातील नायट्रोजन मोजला, तर खाल्लेल्या प्रथिनांचा अंदाज येतो, कारण प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो आणि त्यातला बहुतेक लघवीतून बाहेर पडतो. मिठाचेही तसेच. ऊर्जेसाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड रूपे असलेले पाणी प्यायला देतात. हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच जातो, ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबरच श्वासातील कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. दोन्हींच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून माणसाने किती ऊर्जा खर्च केली ते कळते, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच त्याने खाल्लेली असणार. १९८०च्या दशकापासून माणसांवर झालेल्या अशा चाचण्यांनी दाखवून दिले, की लोक सहसा खाल्ल्यापेक्षा कमी सांगतात, आणि लठ्ठ माणसांत हे कमी सांगणे अधिक असते. ही चाचणी महाग असल्याने गावोगावी करता येत नाही, पण थोड्या लोकांवर केली, तरी बाकीच्या आकड्यांचा कल कोणत्या बाजूला आहे ते समजते.

आणि तरीही काही माणसे कोणत्याच पद्धतीच्या जाळ्यात येत नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात आणि उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. त्यांच्या गावच्या घराला कुलूप असते आणि येथील गावाच्या घरयादीत कोपी नसते. गरज मोजण्याच्या आपल्याकडील जुन्या पद्धतीत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला १ एकक धरतात, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला ०.८ आणि कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला १.२. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईच्या व्यवसायापुढे कोणी सवयीने "गृहिणी" लिहिले, तर तिची गरज एका शब्दाने एक तृतीयांशाने कमी होते आणि ती पुरेसे खाणारी ठरते.

तिचा आहार मोजायचा असेल, तर पहाटे तीनला, ती कोपीपुढे चूल पेटवते तेव्हा, तराजू घेऊन जावे लागते. पीठ तोलायचे, फडक्यात किती भाकरी बांधल्या त्या मोजायच्या, फडात त्यांतल्या नवऱ्याने किती खाल्ल्या, लेकराने किती, तिने किती, हे दुपारी विचारायचे, आणि संध्याकाळी फडके सोडल्यावर जे तुकडे परत आले असतील ते वजा करायचे.